मधली रेघ

ऑगस्टमधल्या सहलीत कॉलेज संघाच्या चाहते मंडळाने आइस्क्रीमची रिकामी बादली माझ्यापुढे धरली, मी हात घालून चिठ्ठी काढली आणि तिच्यावर टेगनचं नाव निघालं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा, लव्हॉनचा, चेहरा बघण्यासारखा झाला. तिने तिथेच, सगळ्यांदेखत, मला आर्डिस, चिठ्ठी बदलतेस का म्हणून विचारलं. वर सफरचंदाचा केक करून देते म्हणाली. मी म्हटलं, केक दे, पोरगी मिळणार नाही.

आयोवातल्या आमच्या निसेन गावची ही रीत आहे. कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात दर वर्षी ज्या नव्या पोरी येतात, त्यांना गावातलं एकेक घर वाटून देतात. त्या घराने फार काही करायचं नसतं. रविवारी दुपारी जेवायला घालायचं, कपडे धुवायला मशीन वापरू द्यायचं, वाढदिवसाला केक करायचा आणि सामन्याला जाऊन आपल्या पोरीच्या नावाने घसा फोडायचा. आदल्या वर्षी माझ्याकडे जी आली होती, ती सबंध मोसम बाकावर बसून होती आणि रविवारी माझ्या सोफ्यावर झोपा काढून जायची. आमचं दोघींचं उत्तम जमलं होतं. तिच्याकडून कुणालाच काही नको होतं.

टेगनचं तसं नव्हतं. वायोमिंगची पोर, सहा फूट दोन इंच उंच, खांदे पहिलवानाचे आणि आवाज चिमणीचा. शाळेच्या संघात तिने इतके गुण केले होते, की मोठमोठी विद्यापीठं तिच्या मागे लागली होती. तरी ती आमच्यासारख्या आडगावच्या कॉलेजात का आली, हे कुणालाच उमगलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, इथलं कोर्ट लहान वाटलं म्हणून. आता कोर्ट सगळीकडे एकाच मापाचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लोक हसायचे. त्यांना वाटायचं, पोरगी गमतीची आहे.

गावाने तिला डोक्यावर घेतलं. धान्याच्या कोठाराबाहेर जी पाटी आहे, जिच्यावर रोजचा मक्याचा आणि सोयाबीनचा भाव लावतात, तिच्यावर सोयाबीनचा भाव काढून तिचं नाव लावलं गेलं. शेतकरी दोन दिवस कुरकुरले आणि मग तेही कौतुकाने बघायला लागले. औषधांच्या दुकानातला माणूस म्हणायचा, दर सामन्याला वीस गुण केले तरी पुरे. आमचे पाद्री म्हणायचे, गुणांचं काय घेऊन बसलात, पोरीने नम्र राहिलं पाहिजे. केस कापायला गेलं तर तिथे चर्चा, की तिने पहिल्या वर्षी मोठ्या मुलींचा मान ठेवून गप्प खेळावं, की आल्या आल्या संघ ताब्यात घ्यावा. कोच हॉफर्टबाईंचं म्हणणं तिसरंच. त्यांना ती बचाव करायला हवी होती, दुसऱ्यांना वाट करून द्यायला हवी होती, आणि हे सगळं करून पुन्हा गुणही हवे होते.

आणि लव्हॉन. तिचं मत विचारायची कुणाला गरजच पडायची नाही. फॉरवर्डने बास्केट मारायचं, बाकी सगळं इतरांनी बघायचं, हे ती पंचावन्न वर्षांपासून सांगत आली आहे.

आता लव्हॉनचं आणि माझं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही शाळेत एका संघात होतो. तेव्हा आयोवात मुलींचा खेळ वेगळा होता. पोरींनी सबंध कोर्टभर धावलं तर त्यांच्या नाजूक शरीराला काही होईल, अशी मोठ्या माणसांची समजूत होती. त्याच पोरी सकाळी गाईचं दूध काढून, डुकरांना खाणं घालून यायच्या, ते चालायचं. तर कोर्टच्या मधोमध रेघ. एका बाजूला आमच्या तीन फॉरवर्ड, दुसऱ्या बाजूला आमच्या तीन गार्ड. रेघ कुणी ओलांडायची नाही. फॉरवर्डने बास्केट मारायचं. गार्डने समोरच्यांना अडवायचं, त्यांच्याकडून चेंडू हिसकायचा, रेघेपर्यंत आणायचा आणि पलीकडे आपल्या फॉरवर्डच्या हातात द्यायचा. लव्हॉन फॉरवर्ड होती. मी गार्ड. चार वर्षं मी खेळले आणि सामन्यात एकदाही बास्केटकडे चेंडू फेकला नाही. फेकायची परवानगीच नव्हती.

लव्हॉनचा डे मॉइनच्या राज्य स्पर्धेतला फोटो अजून गावातल्या कॅफेत भिंतीवर आहे. चेंडू हातात येतोय, केस उडतायत, तोंडावर सगळ्या जगाचं तेज. फोटोच्या कडेला नुसता एक हात दिसतो, चेंडू देणारा. तो माझा. लव्हॉन सगळ्यांना सांगते की तो पंचाचा आहे. मी कधी वाद घातला नाही. आम्ही आजही सामन्याला शेजारी शेजारी बसतो.

नोव्हेंबरात मोसम सुरू झाला आणि सगळं गाव बुचकळ्यात पडलं.

टेगन वाईट खेळत होती असं म्हणता येत नव्हतं, आणि चांगली खेळतेय म्हणावं तरी पंचाईत. एका सामन्यात तिने असं काही झोडपलं की समोरच्या संघाची कोच शेवटी हसायलाच लागली. पुढच्या सामन्यात चेंडू हातात आला, की ती थांबायची. इकडे बघायची, तिकडे बघायची आणि देऊन टाकायची. बास्केट समोर मोकळं असलं तरी देऊन टाकायची. एकदा तर तिने ज्या पोरीला चेंडू दिला ती बुटाची नाडी बांधत होती. लोक आधी म्हणाले, नवीन आहे. मग म्हणाले, घरची आठवण येत असेल. मग कुणी म्हणालं, तिच्या डोळ्यांत दोष आहे. औषधांच्या दुकानदाराने मला बाजूला घेऊन, पोरगी नीट जेवते का विचारलं. मी म्हटलं, माझ्या हातचे हॅमचे, डुकराच्या खिम्याचे गोळे ती एका वेळी आठ खाते, तू तुझ्या गोळ्या बघ.

कोच हॉफर्टबाई एकदा मला वाणसामानाच्या दुकानात भेटल्या. सामानाच्या ढकलगाडीवर हात टेकून तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मी तिला एक सांगते, ती दुसरंच करते आणि नेमकं तेच बरोबर निघतं. पुढच्या वेळी म्हणते बरं बाई, तुझ्या मनाने खेळ, तर ती जागची हलत नाही. मी आता तिला सांगू तरी काय? एवढं बोलून त्यांनी माझ्या गाडीतला दुधाचा डबा आपला समजून उचलला आणि निघून गेल्या. माणूस इतका गोंधळला म्हटल्यावर मी दुसरा डबा घेतला.

जानेवारीत शेजारच्या कॉलेजशी सामना होता. एका गुणाने मागे, शेवटचे काही क्षण. टेगन बास्केटच्या अगदी खाली, आसपास कुणी नाही, आणि चेंडू तिच्या हातात. सगळं गाव उभं राहिलं. सगळं गाव एकच शब्द ओरडत होतं, मार. मीही ओरडत होते, नाही कशाला म्हणू. तिने चेंडू छातीशी धरला, आमच्याकडे, प्रेक्षकांच्या पायऱ्यांकडे एक नजर टाकली आणि चेंडू कोपऱ्यातल्या जोसीला देऊन टाकला. जोसी आमची बुटकी, चपळ पोर, पण तिथून तिचा चेंडू कधीच बास्केटमध्ये जात नाही. गेला नाही. भोंगा वाजला.

लव्हॉन खाली बसली आणि डोळे मिटून म्हणाली, "देवाने दात दिले, पोरगी चणे दुसऱ्याला वाटतेय."

दुसऱ्या दिवशी रविवार. टेगन नेहमीच्या वेळेला आली. तिची जुनी गाडी माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, मागच्या बाकावर खोकी, कपड्यांची मोठी पिशवी आणि चर्चच्या बायकांनी तिला शिवून दिलेली गोधडी. मी ताटं मांडली. बटाटे वाढले, मका वाढला. तिने गोळे खाल्ले, पण दोनच.

मग तीच म्हणाली की पुढच्या शनिवारचा सामना खेळून ती घरी जाणार आहे. वायोमिंगला. कायमची. कोचना नंतर कळवेल. मी कुणाला सांगू नये.

मला वाटलं, आता मोठ्या माणसाने काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं. मी नुसतं का म्हणून विचारलं.

"मला कळत नाही मी काय करायचंय ते," ती म्हणाली. "चेंडू हातात आला, की सगळे एकदम बोलायला लागतात. डोक्यात. बाबा म्हणतात मार. कोच म्हणतात बघ आणि मग मार. औषधवाले म्हणतात वीस. त्या लव्हॉनबाई तर दुकानात भेटल्या तरी हात वर करून दाखवतात, असं मार म्हणून. पूर्वी मला कळायचं. आता चेंडू आला, की वाटतं, हा कुणाचा आहे?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला काय हवंय? तुम्ही एकट्याच काही बोलला नाहीत."

मला काय हवं होतं? खरं सांगते, मलाही तिने मारावं असंच वाटत होतं, पण का वाटत होतं ते धड सांगता येईना. मी म्हटलं, मला कोण विचारतंय, मी तर गार्ड होते. आणि ते बोलल्यावर तिला सगळं सांगावंच लागलं, रेघ आणि तीन इकडे, तीन तिकडे. तिला ते पटेचना. वायोमिंगच्या पोरीला हे सगळं आजीच्या थापांसारखं वाटत होतं. शेवटी मी तिला उठवून उभं केलं. माझ्या स्वयंपाकघराच्या आणि जेवणाच्या खोलीच्या मधे जमिनीवर पितळी पट्टी आहे. मी म्हटलं ही रेघ. मी इकडे, तू तिकडे. पायाची बोटं पट्टीला लागली पाहिजेत पण पट्टीवर यायला नकोत. आणि मी बटाट्याचं भांडं उचलून, दोन पावलं टाकून, पट्टीपाशी येऊन तिच्या हातात दिलं. ती ते घेऊन उभी. मी म्हटलं, झालं, माझं काम संपलं, आता तू मार नाहीतर खा.

ती हसायला लागली. कित्येक आठवड्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मग तिने भांडं टेबलावर ठेवलं आणि मला आणखी द्या म्हणाली. मी मक्याचं भांडं दिलं. मग पाव. मग लोणी. टेबलावरचं सगळं जेवण आम्ही आधी स्वयंपाकघरात आवरून नेलं आणि मग रेघेवरून एकेक करून परत मांडलं. शेवटी ती पट्टीकडे बघत राहिली.

"म्हणजे तुम्ही दिलात, की झालं," ती म्हणाली. "पुढचं तुमच्याकडून कुणी मागायचंच नाही."

"नाही."

"कित्ती छान. मला अशी रेघ हवी होती."

माझं डोकंच फिरलं. माझा स्वभाव काही गरीब नाही, आणि तिने जिथे बोट ठेवलं ती जागा मला स्वतःलाही ठाऊक नव्हती. मी म्हटलं, "छान? चार वर्षं मी त्या रेघेला बोटं टेकवून उभी राहिले, पोरी. चेंडू देऊन झाला, की आम्ही तिघी आमच्याकडे पाठ केलेल्या लोकांकडे बघत उभ्या राहायचो. टाळ्या वाजायच्या त्या पलीकडे. माझ्या वडिलांनी मला घरी विचारलं होतं, तू आज खेळलीस का? मी सगळा वेळ कोर्टवर होते. आणि तुला छान वाटतं?"

तिचा चेहरा पडला. तिने हळूच विचारलं, "रेघ नसती, तर तुम्ही मारलं असतं?"

"टोपली भरभरून," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी भांडी घासायला घेतली आणि ते उत्तर माझ्याच घशात अडकून बसलं. टोपली भरभरून? कशावरून? मी कधी फेकलाच नव्हता. घरच्या शेतावर कोठाराच्या मागे आमचं बास्केट होतं, तिथेही मी भावांना चेंडू उचलून द्यायची. मला खरंच हवं होतं का पलीकडे जायला? की मी तिथे निवांत होते आणि नंतर, लव्हॉनचा फोटो बघून बघून, मला हवं होतं असं वाटायला लागलं? आठवडाभर मी हेच उगाळत बसले. बर्फ काढायला गेले आणि शेजाऱ्याचा रस्ता साफ करून आले, माझा तसाच. कोचना सांगावं की नाही तेही ठरेना. सांगितलं तर शब्द मोडला, नाही सांगितलं तर पोर गेली. लव्हॉनने विचारलं, तुझ्या पोटात काय शिजतंय. मी म्हटलं, मका.

शनिवारी दुपारी सामना होता. आम्ही आमच्या नेहमीच्या रांगेत, लव्हॉन, मी आणि आमच्या वेळच्या आणखी दोघी गार्ड, मार्व्हा आणि डोरीन. बाहेर टेगनची गाडी मी पाहून आले होते. खोकी आता पुढच्या बाकावरही आली होती.

खेळ सुरू झाला आणि थोड्या वेळाने लव्हॉनने माझ्या बरगडीत कोपर मारलं. म्हणाली, ही पोरगी बास्केटकडे जातच नाहीये. खरं होतं. टेगन समोरच्या संघाच्या सगळ्यात दांडग्या मुलीला चिकटली होती. ती जाईल तिथे जायची, तिच्यापुढे हात पसरून उभी राहायची, तिचा चेंडू हिसकायची आणि जवळ जी असेल तिला देऊन मोकळी व्हायची. आमच्या मुलींकडे चेंडू असला, की ती मागे राहायची. नंतर कळलं, तिने सामन्याआधी कोचना विचारलं होतं, आज मी फक्त अडवते, चालेल? कोचबाईंनी हात वर केले होते. म्हणाल्या होत्या, बाई, तू काय म्हणशील ते चालेल.

मागून कुणीतरी ओरडलं, सोयाबीनचा भाव परत लावा. लोक हसले. मला संताप आला. कारण मला दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं. ती सुंदर खेळत होती. पाय कुठे, कंबर कुठे, हात कधी वर न्यायचा आणि कधी मागे घ्यायचा, सगळं जागच्या जागी. समोरची दांडगी पोरगी रडकुंडीला आली होती. आणि टेगनच्या चेहऱ्यावर गोंधळ नव्हता. मोसमात पहिल्यांदाच. मार्व्हा माझ्याकडे वाकून म्हणाली, "हिला कुणी शिकवलं हे?" मला अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी अपराध्यासारखंही, कारण माझ्या स्वयंपाकघरातून ही पोर रेघ उचलून घेऊन आली होती. ती खुशीने अर्ध्या कोर्टवर राहायला निघाली होती. याच्यासाठी का आमच्या पोरींना सबंध कोर्ट मिळालं? आणि ती सुखात होती, त्याला मी काय म्हणायचं?

शेवटाकडे गुण सारखे झाले. चेंडू त्यांच्याकडे. दांडगी वळली, टेगनने कुठून हात घातला देव जाणे, आणि चेंडू निघाला. टेगनच्या हातात. समोर सबंध कोर्ट मोकळं. एक माणूस नाही.

ती धावली. सगळं गाव पायांवर उभं राहिलं. लव्हॉन दोन्ही हात वर करून किंचाळत होती. आणि मी, इतकं सगळं कळून, आठवडाभर डोकं पिकवून, सगळ्यांच्या वरताण ओरडले, जा, जा, जा.

मधल्या रेघेपाशी ती थांबली.

अडखळली नाही. थांबली. बुटांचा कर्कश आवाज झाला. बुटांची टोकं रेघेच्या अलीकडे, चेंडू दोन्ही हातांत, नजर खाली पायांकडे. सगळं कोर्ट चूप. समोरच्या मुलीसुद्धा थबकल्या, काहीतरी नियम मोडला असावा असं त्यांना वाटलं. पंचाने शिट्टी तोंडात धरली आणि वाजवायचं कशासाठी ते न कळून तशीच ठेवली. कोच हॉफर्टबाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं.

मागून जोसी धावत आली. टेगनने चेंडू फेकला नाही. तिच्या हातात दिला, भांडं द्यावं तसा. जोसी पुढे गेली, तोवर त्यांच्या एकीने तिला गाठून पाडलं, आणि जोसीला दोन मोकळ्या फेकी मिळाल्या. त्यातली एक गेली. एका गुणाने आम्ही जिंकलो.

मी टाळ्या वाजवत नव्हते. माझे दोन्ही हात समोर, काहीतरी देत असल्यासारखे पुढे आले होते. मार्व्हाकडे पाहिलं तर तिचेही तसेच. डोरीन तोंडावर रुमाल धरून रडत होती की हसत होती, कळेना. बाकी लोक एकमेकांना विचारत होते, हे काय होतं? जिंकलो म्हणून आनंद करावा की त्या पोरीला चार शब्द सुनवावे, ते कुणालाच ठरवता येत नव्हतं.

लव्हॉन अजून उभीच होती. ती रेघेकडे बघत होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मला वाटायचं, चेंडू येतोच." मग कोटाची बटणं लावायला लागली आणि एक बटण चुकवून सगळी चुकीची लावली. "तो हात तुझा आहे. फोटोतला."

मी म्हटलं, "ठाऊक आहे मला." पंचावन्न वर्षं वाट पाहिलेली गोष्ट अशी कोटाच्या बटणांमधून आली, तर माणसाने करायचं काय.

मी बाहेर गाड्यांपाशी गेले. दिवस कलायला आला होता, बर्फ निळं पडलं होतं. टेगन आपल्या गाडीला टेकून उभी होती, ओल्या केसांनी, टोपी नाही काही नाही. मी सवयीने रागावले. तिने ऐकलं नाही.

"माझे पाय थांबले," ती म्हणाली. "मी ठरवलं नव्हतं. मला जायचं होतं, आर्डिस. पलीकडे सगळं मोकळं दिसत होतं आणि मला खरंच जायचं होतं. कुणी सांगितलं म्हणून नाही. आणि नेमके पाय थांबले." तिने माझ्याकडे पाहिलं. "चूक झाली का?"

"माहीत नाही."

"पुढच्या वेळी काय करायचं?"

"मला कसं कळणार? मी कधी ओलांडलीच नाही." आणि मग जे घशात अडकलं होतं तेही बाहेर आलं. "त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. टोपली भरभरून वगैरे. मी मारलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. कदाचित तुझ्यासारखीच उभी राहिले असते."

मला वाटलं, आता ती गाडीत बसेल. या गावात ऑगस्टपासून तिला भेटलेल्या प्रत्येकाला तिने काय करावं ते पक्कं माहीत होतं. मी एकटी निघाले, जिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं, आणि नेमकी निरोपाच्या वेळी मी हे सांगून बसले. स्वतःचाच राग आला मला.

तिने मागचं दार उघडलं. खोक्यांच्या खालून ओढून ओढून कपड्यांची ती मोठी पिशवी बाहेर काढली.

"उद्या मशीन रिकामं आहे?"

"रविवारी असतंच," मी म्हटलं.

"मग घ्या," ती म्हणाली आणि तिने पिशवी माझ्याकडे फेकली.

मी झेलली. चांगली जड होती, दोन पावलं मागे गेले, पण झेलली. आयुष्यभर चेंडू माझ्याकडून पलीकडे गेला होता, पलीकडून माझ्याकडे कधी आला नव्हता. ती पिशवी पोटाशी धरून मी बर्फात उभी राहिले. लव्हॉन माझ्या गाडीत बसून भोंगा वाजवत होती, टेगन हसत होती, आणि आता हे घेऊन पुढे काय करायचं असतं ते मला आठवेना. मग मी चालायला लागले.